कवटीची हाडे कशी शिकावीत? नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

कवटीत 22 हाडे असतात, हे वाक्य वाचायला सोपे आहे. प्रत्यक्ष कवटी समोर आली की मात्र नवखा माणूस गोंधळतो. प्रौढ कवटीत खालचा जबडा सोडला तर बाकीची 21 हाडे एकमेकांत इतकी घट्ट बसलेली असतात, की एक कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते हेच कळत नाही. मग बहुतेक जण नावांची यादी घोकू लागतात. परीक्षेपुरते ते निभावते, पण पुढे काही उरत नाही.

माझे मत असे, की कवटी यादी म्हणून शिकूच नये. प्रत्येक हाडाला तीन प्रश्न विचारावेत: ते कुठे आहे, त्याच्या शेजारी कोण कोण आहे, आणि त्याच्यातून किंवा त्याच्या अंगाला लागून काय जाते? या तिन्हींची उत्तरे आली की नाव आपोआप चिकटते. खालचा क्रम याच विचाराने लावला आहे.

पहिली पायरी: स्वतःचे डोके चाचपा

पुस्तक उघडण्याआधी हे करा. दोन डोळ्यांच्या मध्ये, नाकाच्या मुळाशी बोट ठेवा. तिथल्या खोलगट जागेला नेझिऑन म्हणतात. कपाळाचे फ्रंटल हाड आणि नाकाची दोन छोटी नेझल हाडे इथे भेटतात. बोट नाकावरून खाली आणा. थोड्याच अंतरावर कठीण भाग संपतो आणि लवचीक कूर्चा सुरू होते. ही कूर्चा टिकत नाही, म्हणून कवटीत नाकाच्या जागी नुसते भोक दिसते.

आता भुवईखाली, डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या कडेवर बोट फिरवा. नाकाकडून साधारण एक तृतीयांश अंतरावर एक खाच लागेल. ही सुप्राऑर्बिटल नॉच. तिथून कपाळाच्या त्वचेकडे जाणारी नस बाहेर पडते, म्हणून जोरात दाबले तर कळ येते. काहींमध्ये खाचेऐवजी पूर्ण छिद्र असते. खोबणीच्या बाहेरच्या कडेने खाली उतरा, तिथे फ्रंटल आणि गालाचे झायगोमॅटिक हाड जुळल्याची बारीक खळी जाणवेल. गालाच्या उंचवट्यावरून बोट मागे कानाकडे न्या. ही हाडाची कमान म्हणजे झायगोमॅटिक आर्च. तिचा पुढचा भाग झायगोमॅटिक हाडाचा आणि मागचा टेंपोरल हाडाचा, म्हणजे एकच कमान दोन हाडांनी मिळून बनवली आहे.

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा आणि मिटा. बोटाखाली सरकते ते खालच्या जबड्याचे वरचे टोक, म्हणजे कॉन्डाइल. कानामागचा टणक उंचवटा मॅस्टॉइड. डोक्याच्या मागे मध्यरेषेत, मान जिथे सुरू होते त्याच्या जरा वर लागणारा उंचवटा ऑक्सिपिटल हाडाचा. कानशिलावर बोटे ठेवून दात आवळा, तिथे टेंपोरॅलिस स्नायू फुगतो. तो थेट खालच्या जबड्यापर्यंत जातो आणि जबडा वर ओढतो. एवढे केले तरी निम्मी महत्त्वाची ठिकाणे हाताखालून गेलेली असतात.

दुसरी पायरी: कवटी धरायची कशी

हाडे खरी असतील तर ती कुणा माणसाची आहेत, याची जाणीव ठेवूनच त्यांना हात लावा. बहुतेकदा कुणीतरी देहदान केले म्हणून ती आपल्यासमोर असतात. कवटी नेहमी दोन्ही हातांनी, खालून आधार देऊन उचला. डोळ्यांच्या खोबणीत बोटे घालून किंवा गालाची कमान पकडून कधीही उचलू नका. खोबणीची आतली भिंत कागदाइतकी पातळ असते आणि कमानही सहज मोडते. टेबलावर मऊ कापड पसरा. छिद्रे तपासायला पेन किंवा पेन्सिल वापरू नका, मऊ वाकणारी तार किंवा जाड दोरा घ्या.

मग कवटी योग्य स्थितीत आणा. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड एका आडव्या पातळीत हवी. या पातळीला फ्रँकफर्ट प्लेन म्हणतात. 1880 च्या दशकात जर्मनीतल्या मानवशास्त्रज्ञांनी फ्रँकफर्टमध्ये ती ठरवली आणि आजही जगभर तीच वापरतात. हा सोपस्कार नाही. कवटी पुढे किंवा मागे झुकलेली असेल तर ‘वर’, ‘खाली’, ‘पुढे’ या शब्दांना अर्थच राहत नाही, आणि पुढचे सगळे वर्णन चुकते.

प्लास्टिकची प्रतिकृती घेऊन शिकत असाल तर एक लक्षात ठेवा: स्वस्त प्रतिकृतीत अनेक छिद्रे आरपार नसतात आणि काही शिवणी, म्हणजे हाडे जुळल्याच्या रेषा, नुसत्या रंगवलेल्या असतात. स्थाने शिकायला ती पुरते, मार्ग शिकायला नाही.

तिसरी पायरी: मोजणी

मेंदूभोवतीची 8 हाडे: पुढे फ्रंटल, वर दोन्ही बाजूंना दोन पॅरायटल, कानाजवळ दोन टेंपोरल, मागे ऑक्सिपिटल, आणि तळाशी स्फेनॉइड व एथमॉइड.

चेहऱ्याची 14: वरच्या जबड्याची दोन मॅक्सिला, गालाची दोन झायगोमॅटिक, दोन नेझल, दोन लॅक्रिमल, दोन पॅलटाइन, नाकाच्या आत दोन इन्फिरियर नेझल काँका, एक व्होमर, आणि खालचा जबडा म्हणजे मॅन्डिबल.

काही पुस्तकांत 28 किंवा 29 हा आकडा दिसेल. त्यांनी मध्यकर्णातली 6 इवली हाडे आणि कधी गळ्यातले हायॉइडही धरलेले असते. यात वादाचे काही नाही.

चौथी पायरी: वरून आणि बाजूने

वरून पाहिले की शिवणी दिसतात. फ्रंटल आणि दोन्ही पॅरायटल यांच्यामधली आडवी कॉरोनल, दोन पॅरायटलच्या मधून मागे जाणारी सॅजिटल, आणि मागे ऑक्सिपिटलला जोडणारी लॅम्डॉइड. कॉरोनल आणि सॅजिटल भेटतात तो बिंदू ब्रेग्मा, सॅजिटल आणि लॅम्डॉइड भेटतात तो लॅम्डा. लॅम्डॉइड शिवणीत कधी कधी छोटी जादा हाडे सापडतात. त्यांना वर्मियन हाडे म्हणतात आणि ती सामान्य आहेत. अस्थिभंगाचा तुकडा समजून घाबरू नका.

नवजात बाळाचे डोके आठवलेत तर हे बिंदू कायमचे लक्षात राहतील. बाळाच्या डोक्यावरची मऊ टाळू म्हणजेच भावी ब्रेग्मा. ती साधारण दीड वर्षाच्या सुमारास भरते. मागची छोटी टाळू, म्हणजे भावी लॅम्डा, पहिल्या दोन-तीन महिन्यांतच भरते. जन्मताना हाडे एकमेकांवर थोडी सरकू शकावीत आणि नंतर मेंदूला वाढायला जागा मिळावी, म्हणून या जागा मोकळ्या असतात. फ्रंटल हाडही जन्मताना दोन भागांत असते. त्यांच्यामधली मेटॉपिक शिवण लहानपणीच बुजते, पण थोड्या लोकांत आयुष्यभर राहते आणि एक्स-रेमध्ये भेग वाटू शकते.

आता बाजूने पाहा. इथे मी सर्वांत जास्त वेळ थांबायला सांगेन, कारण टेरिऑन इथे आहे. कानशिलाच्या भागात फ्रंटल, पॅरायटल, टेंपोरल आणि स्फेनॉइड ही चार हाडे जवळजवळ एकत्र येतात, आणि त्यांच्या शिवणी मिळून एच अक्षराचा आकार बनतो. शोधायची रीत अशी: गालाच्या कमानीच्या वर दोन बोटे, आणि झायगोमॅटिक हाडाच्या वर चढणाऱ्या भागाच्या मागे एक अंगठा.

इथले हाड पातळ आहे. कवटीच्या वरचा भाग कापलेला असेल तर आतून याच जागेवर पाहा, एक खोल चर वर चढताना दिसेल. तो मिडल मेनिंजियल धमनीच्या पुढच्या शाखेचा. कानशिलावर जोराचा मार बसला, हाड तडकले आणि ही धमनी फाटली, तर हाड आणि मेंदूवरचे जाड आवरण यांच्यामध्ये रक्त साचते. अशा काही रुग्णांत सुरुवातीला शुद्ध परत येते, माणूस बरा वाटतो, आणि साचत्या रक्ताचा मेंदूवर दाब वाढला की तो पुन्हा बेशुद्ध होतो. म्हणूनच डोक्याला मार लागलेल्या माणसावर, तो नीट बोलत असला तरी, लक्ष ठेवतात. पातळ हाड, आतला चर आणि धमनी या तिन्ही गोष्टी एकाच जागी बोट ठेवून शिकता येतात.

पाचवी पायरी: डोळ्याची खोबण

समोरून पाहताना सगळा चेहरा एकदम घेऊ नका. आधी एक खोबण घ्या, कारण तिच्यात 7 हाडे आहेत: फ्रंटल, झायगोमॅटिक, मॅक्सिला, लॅक्रिमल, एथमॉइड, स्फेनॉइड आणि पॅलटाइन. छत मुख्यतः फ्रंटलचे. तळ मुख्यतः मॅक्सिलाचा, आणि त्याच्या खाली लगेच मॅक्सिलरी सायनसची पोकळी. त्यामुळे डोळ्यावर चेंडू किंवा ठोसा बसला की हा तळ खालच्या पोकळीत फुटू शकतो. बाहेरची भिंत सर्वांत मजबूत, ती झायगोमॅटिक आणि स्फेनॉइडच्या मोठ्या पंखाची. आतली सर्वांत पातळ. तिच्यात लॅक्रिमल हे नखाएवढे हाड आहे आणि त्याच्या मागे एथमॉइडची पातळ पाटी. पॅलटाइनचा वाटा अगदी मागे, तळाच्या टोकाला, आणि तो पहिल्यांदा दिसला नाही तर पुढे चला.

लॅक्रिमल आणि मॅक्सिला मिळून एक खाच करतात, आणि तिच्यातून नळी नाकात उतरते. तार हलकेच घाला, ती नाकाच्या पोकळीत निघेल. रडताना नाकही का वाहते, याचे उत्तर तुमच्या डोळ्यांसमोर असेल.

चेहऱ्यावरची तीन छिद्रे एका जवळजवळ उभ्या रेषेत येतात: भुवईजवळचे सुप्राऑर्बिटल, खोबणीच्या खालचे इन्फ्राऑर्बिटल, आणि खालच्या जबड्यावरचे मेंटल. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांना क्रॅनियल नर्व्ह म्हणतात. तिन्ही छिद्रांतून त्यांपैकी पाचवीच्या तीन विभागांच्या शाखा क्रमाने बाहेर येतात. दंतवैद्य बधिर करण्यासाठी यांतल्या खालच्या दोन जागांचा आधार घेतात.

सहावी पायरी: स्फेनॉइडला वेळ द्या

एकच हाड मनापासून शिकायचे असेल तर हे शिका. सुटे स्फेनॉइड हातात घेतले की पंख पसरलेले फुलपाखरू दिसते: मध्ये धड, वर दोन लहान पंख, बाजूंना दोन मोठे पंख, आणि खाली लोंबणारे दोन टेरिगॉइड प्रोसेस. मेंदूभोवतीच्या बाकी सातही हाडांना ते शिवते. कानशिलावर ते दिसते, डोळ्याच्या खोबणीत दिसते, कवटीच्या तळाला आतून-बाहेरून दिसते, आणि नाकाच्या मागच्या दारांशीही दिसते. चार ठिकाणी चार वेगळी हाडे आहेत असे नवख्याला वाटते, आणि सगळा गोंधळ तिथे होतो. म्हणून सुटे स्फेनॉइड एका हातात आणि अखंड कवटी समोर ठेवून, प्रत्येक भाग कवटीत कुठे दिसतो ते शोधा. यात तास गेला तरी हरकत नाही.

धडाच्या वरच्या बाजूला सेला टर्सिका नावाचा खळगा आहे. त्यात पिट्युटरी ग्रंथी बसते. धड आतून पोकळ असते, त्यात स्फेनॉइड सायनस. म्हणूनच शल्यचिकित्सक नाकातून, या सायनसमधून जाऊन पिट्युटरीची गाठ काढू शकतात.

सातवी पायरी: आतला तळ

कवटीची वरची टोपी काढून आत पाहा. तळ तीन पातळ्यांवर आहे, पुढची सर्वांत उंच आणि मागची सर्वांत खोल. पुढच्यात मेंदूचे फ्रंटल लोब, मधल्यात टेंपोरल लोब, मागच्यात छोटा मेंदू आणि मेंदूचा देठ. पुढची आणि मधली यांच्यामधली सीमा म्हणजे स्फेनॉइडच्या लहान पंखाची धार. मधली आणि मागची यांच्यामध्ये टेंपोरल हाडाचा पेट्रस भाग तिरपा पसरलेला आहे. आतला कान याच पेट्रस भागात असतो. शरीरातल्या सर्वांत घट्ट हाडांपैकी हे एक, त्यामुळे प्राचीन सांगाड्यांतून डीएनए मिळवायला संशोधक आधी याच भागाकडे वळतात.

छिद्रांची यादी पाहून लोक हबकतात. पण क्रॅनियल नर्व्हना क्रमांक पुढून मागे दिलेले आहेत, आणि छिद्रेही जवळजवळ त्याच क्रमाने येतात. पुढून सुरू करा.

मध्यरेषेत एथमॉइडची चाळणीवजा पाटी आहे, तिच्या बारीक छिद्रांतून पहिली, वासाची नर्व्ह येते. ही पाटी फुटली तर वासाची जाणीव जाऊ शकते आणि मेंदूभोवतीचे पाणी नाकातून गळू शकते. तिच्या मागे ऑप्टिक कॅनाल, त्यातून दुसरी नर्व्ह आणि ऑफ्थॅल्मिक धमनी. लहान आणि मोठ्या पंखांच्या मध्ये सुपीरियर ऑर्बिटल फिशर ही फट आहे. तिच्यातून तिसरी, चौथी, पाचवीचा पहिला विभाग आणि सहावी. सहावी इथे क्रम मोडून पुढे येते, एवढा एकच अपवाद लक्षात ठेवायचा. ती डोळ्याचा स्नायू हलवते, म्हणून ती डोळ्याकडे जाणारच.

मग मोठ्या पंखात तीन छिद्रे, पुढून मागे व बाहेर: गोल रोटंडम, त्यातून पाचवीचा दुसरा विभाग. लंबगोल ओव्हाले, त्यातून तिसरा विभाग. आणि बारीक स्पायनोसम, त्यातून तीच मिडल मेनिंजियल धमनी जी टेरिऑनच्या आतून वर चढते. बोट स्पायनोसमवर ठेवा आणि चर धरून टेरिऑनपर्यंत न्या.

मागच्या खोल भागात क्रम वरून खाली येतो. पेट्रस भागाच्या मागच्या उतारावर इंटर्नल अकूस्टिक मीएटस: सातवी आणि आठवी. त्याच्या खाली जुगुलर फोरामेन (फोरामेन म्हणजे छिद्र): नववी, दहावी, अकरावी, आणि मेंदूतले रक्त घेऊन उतरणारी मोठी शीर. त्याच्या खाली व आत हायपोग्लॉसल कॅनाल: बारावी. आणि मध्यभागी सर्वांत मोठे फोरामेन मॅग्नम, तिथे मेंदूचा देठ पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला मिळतो आणि दोन व्हर्टेब्रल धमन्या वर येतात.

आठवी पायरी: कवटी उलटी करा

खालची बाजू सर्वांत खडबडीत दिसते, म्हणून ती शेवटी. पुढून मागे चला. दातांच्या आत तोंडाचे छत: पुढचा मोठा भाग मॅक्सिलांचा, मागचा पट्टा पॅलटाइनचा. त्याच्या मागे नाकाची मागची दोन दारे, मध्ये व्होमरचा पडदा. दारांच्या बाजूला टेरिगॉइडच्या पाट्या. बाहेरच्या पाटीच्या मुळाशी ओव्हाले शोधा आणि तिथून तिरपे मागे व बाहेर सरका: स्पायनोसम, मग कॅरोटिड कॅनालचे गोल तोंड, त्याच्या लगेच मागे जुगुलर. ही रांग हाताला बसली की तळ ओळखीचा होतो.

कॅरोटिड कॅनालमध्ये तार घातली तर ती थोडी वर जाऊन पुढे आणि आत वळते. मेंदूला रक्त नेणारी इंटर्नल कॅरोटिड धमनी याच वळणाने जाते. जवळच दिसणारे ओबडधोबड फोरामेन लासेरम जिवंत माणसात खालून कूर्चेने बंद असते, धमनी त्याच्या वरून जाते, त्यातून आरपार नाही.

मॅस्टॉइड आणि टोकदार स्टायलॉइड यांच्यामध्ये बारीक स्टायलोमॅस्टॉइड छिद्र आहे, तिथून सातवी, चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नर्व्ह बाहेर येते. नवजात बाळात मॅस्टॉइडचा उंचवटा अजून तयार झालेला नसतो. त्यामुळे ही नर्व्ह त्वचेच्या अगदी जवळ असते आणि चिमटा लावून केलेल्या प्रसूतीत तिला इजा होऊ शकते. फोरामेन मॅग्नमच्या दोन्ही बाजूंचे गुळगुळीत उंचवटे मानेच्या पहिल्या मणक्यावर टेकतात. होकारासाठी मान डोलावतो ती हालचाल इथली. नकाराची हालचाल त्याच्या खाली, पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यात होते.

नववी पायरी: खालचा जबडा

हे सोपे आहे. आडवे धड, दोन उभ्या फांद्या म्हणजे रेमस, प्रत्येकीवर मागे कॉन्डाइल आणि पुढे कोरोनॉइड प्रोसेस. बाहेरून, साधारण दुसऱ्या उपदाढेखाली, मेंटल छिद्र. आतून, रेमसच्या मध्यावर, मॅन्डिब्युलर छिद्र. दातांची नस मॅन्डिब्युलरमधून आत शिरते, हाडाच्या आतून पुढे जाते, आणि तिची एक शाखा मेंटलमधून हनुवटीकडे निघते. प्राचीन रोमन काळातला वैद्य गेलन याने खालचा जबडा दोन हाडांचा सांगितला होता आणि शतकानुशतके तसेच शिकवले गेले. 1543 मध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसालियसने माणसात तो एकच असल्याचे दाखवले. बाळात मात्र तो खरेच दोन भागांत असतो आणि पहिल्या वर्षात जुळतो.

दहावी पायरी: सुटी हाडे आणि उजवे-डावे

इथवर आल्यावरच सुटी हाडे घ्या. पॅरायटल उजवे की डावे हे ठरवताना आतली बाजू पाहा: पुढच्या खालच्या कोपऱ्यात मिडल मेनिंजियलचा खोल चर, मागच्या खालच्या कोपऱ्यात मोठ्या शिरेची रुंद खाच. टेंपोरलमध्ये झायगोमॅटिक प्रोसेस पुढे, मॅस्टॉइड मागे-खाली, पेट्रस आत. मॅक्सिलामध्ये दात खाली, टाळूचा भाग आत, इन्फ्राऑर्बिटल छिद्र पुढे. हाड स्वतःच्या चेहऱ्याजवळ त्या जागी धरा, बाजू लगेच कळते.

रोज एक बाजू कागदावर न पाहता काढा, रेषा वेड्यावाकड्या आल्या तरी चालतील. मग कवटीशी ताडून चुकलेली शिवण लाल रंगाने दुरुस्त करा. चित्रकला इथे महत्त्वाची नाही, शेजार बरोबर आला पाहिजे.

एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवा: टेरिगोपॅलटाइन फॉसा. मॅक्सिलाच्या मागे, टेरिगॉइडच्या पुढे आणि पॅलटाइनच्या बाहेर असलेली ही चिंचोळी जागा बाजूने, गालाच्या कमानीच्या आतून दिसते. तीनही हाडे स्वतंत्रपणे ओळखता येऊ लागली, की आतून फोरामेन रोटंडममध्ये तार घाला आणि कमानीच्या आत डोकावून पाहा. तार त्या फटीत उतरलेली दिसेल. तिथून तिला पुढे सरकवत खोबणीच्या तळातल्या चरातून इन्फ्राऑर्बिटल छिद्रापर्यंत नेऊन गालावर बाहेर काढा.